काम नसल्याची हजेरी

आमच्या कंपनीत द्राक्षं आणि डाळिंबं भरायचे पुठ्ठ्याचे खोके तयार होत. बारामतीच्या एमआयडीसीत आतल्या रस्त्याला ही कंपनी होती. आम्ही साठ जण तिथे कायम होतो. मी बी.ए. झालो होतो आणि स्टोअरमध्ये खोक्यांच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे चिठ्ठ्या लावण्यात मला कमीपणा वाटत नसे. त्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं होतं आणि ते परदेशात जात होतं.

मग एका वर्षी ऑर्डरी आल्या नाहीत. कंपनीने गेटवर कागद लावला की उद्यापासून साठही कामगारांना ले-ऑफ. म्हणजे नोकरी आहे, पण काम नाही, आणि काम नसेपर्यंत अर्धा पगार. इथवर सगळ्यांना कळलं. खालचं कलम मला मोठ्याने दोनदा वाचावं लागलं. अर्धा पगार हवा असेल तर प्रत्येकाने रोज सकाळी आठ वाजता कामासाठी गेटवर हजर राहावं, रजिस्टरमध्ये सही करावी, आणि काम नसल्याचं अधिकाऱ्याकडून ऐकून घ्यावं.

"म्हंजे काम न्हाय हे ऐकायला बावड्यावरनं यायचं?" बावड्याचा एक जण म्हणाला.

"व्हय," आमचे युनियनचे अध्यक्ष म्हणाले. "कायद्यातच तसं हाय."

अध्यक्ष निमगाव केतकीचे. वडिलोपार्जित पानमळा सांभाळून ते कंपनीत मशिनवर होते. त्यांना सगळे भाई म्हणत. युनियन नवीन होती आणि मी तिचा सेक्रेटरी होतो. निवडणूक वगैरे झाली नव्हती. "ह्यो ग्रॅज्युएट हाय, ह्यो लिहील," एवढं भाई म्हणाले आणि मी झालो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही साठ जण आठ वाजता गेटवर उभे राहू लागलो. वॉचमन टेबल मांडून रजिस्टर उघडे. आम्ही रांगेत सह्या करू. मग टाइम ऑफिसचे साहेब बाहेर येत, आमच्याकडे न बघता "आज काम नाही" म्हणत, रजिस्टरच्या तळाला 'तपासले' लिहून सही करत आणि आत जात. सगळं मिळून दहा मिनिटं लागत. त्या दहा मिनिटांसाठी कोणी वीस मैलांवरून येई, कोणी तीस.

एकदा साहेब स्वतःच आले नाहीत. काम नाही हे आम्हाला दिसत होतं. मशीन बंद, दारं बंद, आत कबुतरं. पण ते अधिकृतपणे सांगायला कोणी नव्हतं. आम्ही साडेअकरापर्यंत उभे राहिलो. शेवटी भाईंनी साहेबांच्या घरी फोन लावला. ते तापाने झोपले होते. त्यांनी स्पीकरवर क्षीण आवाजात "आज काम नाही" असं सांगितलं आणि आम्ही त्यांना "बरं वाटू दे" असं म्हणून घरी गेलो.

बावड्याच्या त्याच गड्याला पुढे नोटीस मिळाली. एसटी बंद पडली म्हणून तो वीस मिनिटं उशिरा आला होता. 'कामावर उशिरा आल्याबद्दल खुलासा करावा.' खुलासा मी लिहिला. काम नसल्यामुळे उशिरा येण्याने कामाचा खोळंबा झाला नाही, असं त्यात नम्रपणे लिहिलं होतं. साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'खुलासा असमाधानकारक. पुढे काळजी घ्यावी.'

दीड महिना हे चाललं. मग शेतीची कामं अंगावर आली. कोणाचा कांदा काढायला आला, कोणाच्या उसाला तोड आली. तेव्हा आमच्या लोकांनी ते केलं जे आमच्याकडे शेतात कायमच करतात. सावड धरली. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या. नांगरट, खुरपणी, काढणी, सगळं आमच्याकडे सावडीने होतं. हजेरी का होऊ नये? सहा-सहा जणांचे गट पडले, प्रत्येकाला एक वार मिळाला. ज्याचा वार त्याने गेटवर जायचं आणि गटातल्या सहाही जणांच्या सह्या करायच्या. माझा वार मंगळवार.

खोटं करतोय असं तेव्हा कोणाला वाटलं नाही, मलाही नाही. उलट फार व्यवस्थित वाटलं. भाईंच्या पानमळ्यात सावलीला बसून आम्ही एकमेकांच्या सह्या गिरवल्या. माझी सही सगळ्यांना अवघड गेली. कॉलेजात असताना मी ती खास तयार केली होती.

"एवढी वळणं कशाला रं?" भाई म्हणाले. "पाच जणांना काढायची हाय. जरा गरिबाची कर."

मी दोन वळणं कमी केली. वॉचमन पहिल्या दिवशी दहा-अकराच माणसं बघून हसला. तो ठेकेदाराचा माणूस होता. "साठ सह्या झाल्या न्हवं? मग माझं काय जातंय," म्हणाला. साहेब नेहमीसारखे आमच्याकडे न बघता म्हणाले, "आज काम नाही," आणि 'तपासले' लिहून गेले.

या सावडीत एकच माणूस आला नाही. ते म्हणजे आबा.

आबा माझ्याच गावचे, शेळगावचे. कंपनी सुरू झाली तेव्हापासून चार नंबरच्या मशिनवर. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, आबांनीही लहानपणी कळपामागे पावसाळे काढलेले. माझ्या कॉलेजची तीन वर्षं मी बारामतीत त्यांच्या खोलीत राहिलो. आमचं दूरचं नातंसुद्धा नव्हतं. पहिल्या पाळीला जाताना ते माझ्यासाठी भाकरी करून पाटीखाली झाकून ठेवत, आणि मी पहाटे अभ्यासाला उठलो नाही तर जाताना माझ्या अंगावरची वाकळ ओढून नेत. माझ्या पदवीत त्यांच्या भाकरींचा वाटा किती, हे कोणत्याही गुणपत्रिकेत लिहिलेलं नाही. नंतर खोली सोडून ते गावी राहायला गेले आणि शेळगावहून ये-जा करू लागले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"आबा, तुमची सही बी आमी करू," भाई म्हणाले होते.

"माझी सही तुमी का करायची? मी येतोय की."

आणि ते खरंच रोज येत. पहिल्या एसटीने येत, पावणेआठला गेटवर उभे. मंगळवारी मी त्यांना भेटे. बाकी वारी दुसरे दहा जण भेटत. पण एक दिवस सही करण्याआधी त्यांनी साहेबांना विचारलं, "आज काम देणार हाय का?"

"नाही आबा, तुम्हाला माहीत आहे."

"मग सही कशाची करू?"

"हजर आहात म्हणून करायची."

"मी हजर हाय हे तुमाला दिसतंय की. वाड्यात मेंढरू आलं की आमी मोजून घेतो, त्याची सही न्हाय घेत. सही कामाची असती. केलं की करतो."

आम्ही सगळ्यांनी समजावलं. मीही समजावलं, कायद्याचं कलम दाखवून. ते शांतपणे ऐकून घेत, दुसऱ्या दिवशी पावणेआठला येत, "काम हाय का?" विचारत, नाही म्हटल्यावर सही न करता परत जात. त्यांच्या चौकटीत साहेब लाल पेनाने 'गैर' लिहू लागले. असे बारा दिवस गेले. कंपनीच्या नियमात होतं की सलग दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास कामगाराने नोकरी सोडली असं समजावं. तेराव्या दिवशी साहेब बाहेर आले आणि आबांच्या समोर उभे राहून त्यांनी एक पत्र पुढे केलं.

"आबा, तुम्ही बारा दिवस गैरहजर आहात. नोकरी सोडल्याचं पत्र आहे. पोच द्या."

"काल मी कुठं हुतो?" आबांनी विचारलं.

"इथंच."

"परवा?"

साहेबांनी पत्र आणखी पुढे सरकवलं. आबांनी पोचेची सहीही केली नाही. मग पत्र रजिस्टर पोस्टाने शेळगावला गेलं. पोस्टमन तीन वेळा घरी गेला आणि आबा तिन्ही वेळा बारामतीत गेटवर होते. पोस्टमनने पाकिटावर शेरा लिहून ते परत पाठवलं, 'मालक कामावर गेले आहेत.'

पुढे आबांची केस उभी राहिली तेव्हा ते पाकीट युनियनच्या वकीलबाईंनी पुण्याच्या कोर्टात हजर केलं. कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली की पोस्टमनला कंपनीच्या हजेरीबद्दल बोलण्याचा अधिकार नाही. हरकत मान्य झाली.

तोवर कंपनीच्या मनात काय आहे ते उघड झालं होतं. आबा हा पहिला प्रयोग होता. एका माणसाची नोकरी अशी सुटली तर बाकीच्यांनाही एकेक करून काढता येणार होतं, भरपाई न देता. म्हणून युनियनने आबांची केस लढायची ठरवली होती. साहेब साक्षीला आले. आमच्या बाईंनी विचारलं, ते बारा दिवस आबा गेटवर होते का? साहेब घाम पुसत म्हणाले, "मला आठवत नाही. रजिस्टर बघून सांगतो." रजिस्टर बघितलं. लाल अक्षरात 'गैर' होतं. "नव्हते," साहेब म्हणाले.

वॉचमन ठेका बदलल्यामुळे दुसरीकडे गेला होता. आता आबांना रोज बघणारा साक्षीदार हवा होता.

"तुम्ही सगळेच रोज जात होतात ना?" बाई म्हणाल्या. "एकोणसाठ सह्या आहेत. त्यातला कोणीही चालेल. हा सेक्रेटरी चांगला बोलतो, हाच येऊ दे."

भाई आणि मी एकमेकांकडे बघितलं. सावडीचं बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. "सांगू नको," भाई एसटीत म्हणाले. "फी न घेता लढतेय बिचारी. वाईट वाटंल तिला."

माझं प्रतिज्ञापत्र तयार झालं. 'सदर कामगारास मी गेटवर हजर असताना पाहिले आहे.' त्यात रोज हा शब्द नव्हता आणि मी रात्रंदिवस त्या नसलेल्या शब्दाचा विचार करत होतो. उलटतपासणीत वकील तो विचारणारच. हो म्हटलं तर शपथेवर खोटं. नाही म्हटलं तर माझ्या रोजच्या सह्या खोट्या, आणि मग सगळ्यांच्याच.

तारखेच्या आदल्या दिवशी पानमळ्यात बैठक झाली. आमच्या गटाचे सगळे आले होते, इतर गटांचा एकेक.

"व्हय म्हणायचं," बावड्याचा म्हणाला. "आबा आले हुते ना रोज? मग त्यात खोटं काय? बघितलं कुणी हे महत्त्वाचं न्हाय."

"मी बघितलं का, हे विचारतील," मी म्हणालो.

"तुझ्या जागी मी बघितलं. बुधवारी. तुझी सही केली तसं तुझं बघणं बी मीच केलं. सावडच हाय ती."

हे बोलणं मला तेव्हा बिनतोड वाटलं, यावरून माझी अवस्था लक्षात यावी.

"आन् खरं बोलला तर?" आमच्या गटातल्या दुसऱ्याने विचारलं. "आबा एकटे आत जातील आन् आमी एकुणसाठ बाहेर. तुला आबांनी भाकरी घातली, आमी काय केलं?"

"तू माझ्या सहीची वळणं गिरवलीस," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

इतक्यात आबा आले. त्यांना बोलावलं नव्हतं. पायातलं बाहेर काढून ते आत येऊन बसले. पाण्याचा तांब्या संपवला आणि म्हणाले, "माझ्यासाठी कुणी खोटं बोलायचं न्हाय."

"बरं आबा," भाई म्हणाले.

"आन् खरं बोलून कुणाची भाकरी बी घालवायची न्हाय."

"मग करायचं काय?"

"त्ये ह्यो बघंल," आबांनी माझ्याकडे हात केला. "ह्यो शिकलाय."

मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. त्यात यावर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पिंजऱ्यात उभा राहिलो. भाई आणि आबा मागच्या बाकावर होते. कंपनीचे वकील सभ्य होते. त्यांनी माझं शिक्षण विचारलं, गाव विचारलं. मग विचारलं, "तुम्ही यांना रोज पाहिलंत?"

मी म्हणालो, "मंगळवारी."

"फक्त मंगळवारी?"

"हो."

वकिलांनी रजिस्टर माझ्यापुढे आणलं. "या तुमच्या सह्या आहेत. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळ्या. मग बाकीचे दिवस तुम्ही डोळे मिटून उभे होतात का?"

"बाकीचे दिवस मी आलो नाही. या सह्या माझ्या नाहीत. माझ्या सहीला दोन वळणं जास्त आहेत."

मी प्रतिज्ञापत्रावरची सही दाखवली. कोर्टाच्या आदराखातर ती पूर्ण वळणांची केली होती. मागून भाईंचा खोकला ऐकू आला. वकीलबाईंनी हातातली फाईल टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघणं बंद केलं.

"मग कोणी केल्या?" वकिलांचा आवाज चढला होता. आता बाकीची सगळी माणसं एका झटक्यात पडणार असं त्यांना दिसत होतं.

"ते मी सांगणार नाही. मी फक्त माझ्या सह्यांचं सांगतो."

तेव्हा न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. तोवर ते फक्त टायपिस्टला सांगत होते. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे तुम्ही आला नाहीत त्या दिवशी तुमची सही आहे?"

"हो साहेब."

"आणि मंगळवारी हे गृहस्थ समोर होते, त्या दिवशी त्यांच्या नावापुढे गैरहजर आहे?"

"हो साहेब. दोन मंगळवार आले त्यात. दोन्ही वेळा ते माझ्याशेजारी उभे होते."

"रजिस्टर कोणाच्या ताब्यात असतं?"

"कंपनीच्या."

"तळाला 'तपासले' म्हणून सही कोणाची आहे?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. सगळे टाइम ऑफिसच्या साहेबांकडे बघत होते आणि साहेब पंख्याकडे. कंपनीच्या वकिलांचा चेहरा हळूहळू बदलला. आबा गैरहजर होते याला त्यांच्याकडे या रजिस्टरशिवाय दुसरा पुरावा नव्हता. माझ्या सह्या खोट्या ठरवायच्या तर रजिस्टर खोटं ठरत होतं. ते खोटं ठरलं तर आबांपुढचं 'गैर'ही खोटं. आणि रजिस्टर खरं धरायचं तर मी शपथेवर खोटं बोलतोय आणि रोज हजर होतो, हे त्यांनाच सिद्ध करावं लागणार होतं.

त्यांनी दोन मिनिटं कागद चाळले. मग म्हणाले, "माझं असं म्हणणं आहे की साक्षीदार रोज हजर होता."

"नव्हतो," मी म्हणालो.

"होतात. हे बघा, तुमच्या सह्या आहेत."

"आता बोललो की. माझ्या नाहीत."

न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतं." एवढंच. बावड्याचा गडी आणि गटातले आणखी दोघं माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. सकाळी गेटवर मी नमस्कार केला की ते रजिस्टरकडे बघत. त्या दिवसापासून साठही जण रोज स्वतः येऊ लागले होते आणि कांदा रानात सडत होता, याचा दोष माझ्याकडे होता. मी तो नाकारला नाही. भाई मात्र म्हणाले, "तू सगळ्यांना बुडवलं असतंस. बुडवलं न्हाईस, त्ये त्या वकिलाच्या हुशारीनं."

पुढच्या तारखेच्या आत द्राक्षाच्या ऑर्डरी आल्या. कंपनीला मशिनवर हात हवे होते आणि ते रजिस्टर पुन्हा कोर्टात उघडायला नको होतं. तडजोड झाली. ले-ऑफ उठला, साठही जण आत. मला लेखी समज मिळाली. आबांचं पत्र मागे घेतलं, नोकरी अखंड धरली. तडजोडीच्या शेवटच्या कलमात बाईंनी पक्कं काम करून घेतलं होतं. 'सदर बारा दिवस हजर धरून रजिस्टरमध्ये दुरुस्ती करावी व त्या चौकटीत कामगाराची सही घ्यावी, त्यानंतर अखंड नोकरीचा दाखला द्यावा.'

कलम वाचताना मला पुढचं दिसायला हवं होतं. शिकलेला असून दिसलं नाही.

"आबा, इथं बारा सह्या करा," साहेब म्हणाले. त्यांनी लाल अक्षरांवर पांढरा रंग लावून चौकटी मोकळ्या केल्या होत्या.

"त्या दिवशी काम केलं हुतं का मी?"

"आबा, कोर्टानं सांगितलंय."

"कोर्टाला कुठं ठावं? मी केलं न्हाय काम. द्या, करतो, मग सही करतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी आम्ही दोघं पहिल्यांदा एका बाजूला होतो. सही झाली नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर आबांची नोकरी कागदावर तुटलेलीच. मी त्यांना कंपनीबाहेर चहाच्या टपरीवर नेलं आणि पाऊण तास बोललो. आजवर शिकलेलं सगळं वापरलं. त्यांनी ऐकलं. चहा संपवला.

"तू कोर्टात तुझी न्हाय ती सही तुझी न्हाय म्हणालास," ते म्हणाले. "आन् मला काय सांगतोस?"

शेवटी साहेबांनीच तोड काढली. चार नंबरच्या मशिनच्या रोलरवर बंद काळात पुठ्ठा चिकटवायची खळ वाळून दगड झाली होती. आबांनी सुट्टीच्या वारी येऊन ती खरवडावी. बारा आठवडे, बारा सुट्ट्या. आबा लगेच हो म्हणाले.

ते ऐकून भाई माझ्याकडे आले. "सुट्टीच्या वारी बिनपगारी काम करून घेतायत. आज आबा, उद्या सगळ्यांना बोलावतील. युनियननं हरकत घ्यायला पायजे. पत्र लिही."

त्यांचं बरोबर होतं. पहिल्या सुट्टीला मी कोरा कागद घेऊन गेटवर गेलो. आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. साहेब वॉचमनच्या खुर्चीत बसले होते. सुट्टी त्यांचीही गेली होती. पाच वाजता आबा बाहेर आले, कोपरापर्यंत पांढरे. हात धुतले, पुसले, रजिस्टर मागितलं, आणि बारातल्या पहिल्या चौकटीत सावकाश सही केली. साहेबांनी सवयीने खाली 'तपासले' लिहायला पेन काढलं, पण आधी मान वर करून आबांकडे नीट बघितलं.

"अकरा ऱ्हायल्या," आबा म्हणाले आणि एसटी गाठायला निघाले.

मी तिथेच टेबलावर बसून युनियनचं हरकतीचं पत्र लिहिलं. कडक भाषेत लिहिलं, कलमं घातली, खाली पूर्ण वळणांची सही केली. आणि वर तारीख टाकली ती अकरा आठवड्यांनंतरची.